पहिली लेन रिकामी

तीस वर्षं मी पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं रविवारी सकाळी मैदानावर अंपायरचं काम केलं. काम साधं असतं. वळणावर एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि धावणारा आपल्या लेनमध्ये राहतो की नाही तेवढं बघायचं. कोण जिंकलं ते बघायचं नाही. शर्यत संपून लोक टाळ्या वाजवत असतात तेव्हा आम्ही अजून जमिनीकडेच बघत असतो. इतकी वर्षं माणसांच्या पायांकडे बघितलं की चेहऱ्यांवरचा विश्वास थोडा उडतो. माझा तर पुरताच उडाला आहे, असं घरचे म्हणतात.

गेल्या वर्षी एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात आली. महिनाभर आधीपासून स्वारगेटपासून क्रीडासंकुलापर्यंत एकही खांब मोकळा राहिला नाही. एका फ्लेक्सवर मी मोजून बघितलं, चौदा स्वागतोत्सुक होते आणि धावपटू एक, तीही खालच्या कोपऱ्यात, कमरेपर्यंत कापलेली. धावपटूचे पायच कापून टाकणाऱ्या माणसाला खेळातलं किती कळत असेल, हा विचार मी स्वतःपुरता ठेवला. आम्हा पंचांना निळे ब्लेझर देण्यात आले. एप्रिल महिना, दुपारचं ऊन आणि लोकरीचं मिश्रण असलेला ब्लेझर. शिवाय सगळ्यांना एकाच मापाचा, तो कुणाच्या मापाने शिवला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आदल्या दिवशी पंचांची बैठक होती. तासाभराची बैठक, त्यातली चाळीस मिनिटं एका मान्यवरांनी घेतली. फेटा बांधलेला, गळ्यात हार तसाच. आपण कसे ऐतिहासिक शहरात, ऐतिहासिक ट्रॅकवर, ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार आहोत, हे ते सांगत होते. ट्रॅक त्याच महिन्यात घातलेला होता, रबराचा वास अजून गेला नव्हता. मी वही उघडली आणि त्या शब्दासाठी रेघा मारायला लागले. चार उभ्या, पाचवी आडवी. मान्यवर गेले, त्यांच्यामागून त्यांची माणसं गेली, मग आमचे मुख्य पंच उठून घाईघाईने सूचना वाचायला लागले. त्या वेळी मी बेरीज करत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महिलांच्या दोनशे मीटरची उपांत्य फेरी. या शर्यतीत पहिलं अर्धं अंतर वळणावर जातं, आणि वळणावर धावणारीचं सगळं अंग आतल्या बाजूला ओढलं जातं. त्यामुळे डावा पाय आतल्या रेषेवर पडण्याची भीती असते. पूर्वी पडला की बाद. आता नियम थोडा मवाळ झाला आहे. रेषेवर एकच पाऊल पडलं तर माफ, पण तिच्या नावापुढे यादीत 'एल' असं अक्षर लागतं आणि ते पुढच्या फेरीत तिच्याबरोबर जातं. तिथे पुन्हा एक पाऊल पडलं की बाद. म्हणजे उपांत्य फेरीतला 'एल' अंतिम फेरीत डोक्यावर टांगलेला असतो.

आमची एक मुलगी या शर्यतीत होती. आमची म्हणजे पुण्यात वाढलेली. घरचे मूळचे अकोल्याकडचे, वडील चाकणजवळच्या एका कारखान्यात. तेरा वर्षांची होती तेव्हापासून मी तिला रविवारच्या शर्यतींत बघत आले आहे. लहानपणी दोनदा मीच तिला बाद केलं होतं. इतर मुली रडतात, पालक भांडायला येतात. ही नुसती वळणावर चालत गेली, रेष नक्की कुठे आहे ते वाकून बघून आली. आता ती बावीसची. पहिल्या तिघींत आली तर सरकारी नोकरीत थेट नेमणूक, असं जाहीर झालं होतं. चौथीसाठी काही जाहीर झालं नव्हतं.

माझी खुर्ची दर वेळी वळणाच्या आत असते. या वेळी आतली जागा फुलांच्या कुंड्यांना आणि झेंड्यांना दिली होती, म्हणून मला बाहेरच्या बाजूला बसवलं. तक्रार करायला मी गेले नाही, बाहेरून बघायला मला नाहीतरी आवडतं. बंदूक वाजली, आठ मुली माझ्यासमोरून गेल्या, आणि त्यात मला स्पष्ट दिसलं. निळी जर्सी, डावा पाय, पांढऱ्या रेषेवर, एकदाच. आमचीच मुलगी.

पाय रेषेवर पडल्याची खूण म्हणून मी पिवळा झेंडा वर केला आणि कार्ड भरलं. कार्डावर लेनचा आकडा, कोणता पाय, किती पावलं, एवढंच लिहायचं. देश लिहायचा नाही, जर्सीचा रंग लिहायचा नाही. बंधन असं कुठे छापलेलं नाही, पण आमच्या मैदानावरची ती पद्धत आहे, आणि नव्या अंपायरांना ती मीच शिकवते. रंग मनात आला की माया येते आणि माया आली की पाय दिसेनासा होतो, असं मी त्यांना सांगत असते. कार्ड मुख्य पंचांकडे गेलं. आमची मुलगी अंतिम फेरीत पोचली होती. प्रेक्षक नाचत होते. मी बसने घरी आले.

सकाळी अंतिम फेरीच्या याद्या लागल्या. चहाच्या टाकीशेजारी एका फळ्यावर टाचण्या मारून लावल्या होत्या. 'एल' एकच होता, आणि तो आमच्या मुलीच्या नावापुढे नव्हता. तो एका छोट्या बेटावरच्या देशातून आलेल्या मुलीच्या नावापुढे होता. त्या देशाच्या संघात ती एकटीच होती. प्रशिक्षकही बरोबर आला नव्हता.

माझे एक जुने सहकारी चहा घेत होते. बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याइतकीच वर्षं रविवार घालवलेले. वळणाच्या सुरुवातीला ते बसतात, शेवटाला मी.

"यादी पाहिलीत?" मी विचारलं.

"पाहिली. छपाई चांगली आहे."

"पाय आपल्या मुलीचा पडला होता. माझ्या डोळ्यांसमोर. 'एल' मात्र त्या बेटावरच्या पोरीला लागलाय."

त्यांनी कपात बघितलं. "मग चांगलंच आहे की. पाहुण्यांना काहीतरी भेट द्यायचीच असते."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही करत. तुमचं काय, कार्ड बदललं असं म्हणणं आहे?"

"मी म्हणत काहीच नाही. मला फक्त बघायचंय."

"बघा, बघा," ते म्हणाले. "पण आधी चहा घ्या. संशय रिकाम्या पोटी घेऊ नये, ॲसिडिटी होते."

माझ्या डोक्यात मात्र सगळं जुळलं होतं. यजमान शहर, यजमान मुलगी, चौदा स्वागतोत्सुक. शिवाय ज्या मुलीसाठी भांडायला कुणी आलेलं नाही अशी एक मुलगी. कुणीतरी खोलीत बसून माझ्या सहाचा पाच किंवा सात केला असणार. अशा कामाला धैर्य लागत नाही, पेन लागतं.

मुख्य पंच सज्जन माणूस. दुसऱ्या एका शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, स्वभावाने घाबरट. त्यांच्या खोलीत एसी होता, म्हणून ते ब्लेझर घालून बसू शकत होते.

"बाई, या. बसा. आपला चेहरा असा का?"

"कालचं माझं कार्ड मला दाखवाल का?"

"का हो? काही राहिलं का लिहायचं?"

"दाखवा तर."

त्यांनी फाइल काढली, कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. लेन सहा, डावा पाय, एक. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. शाईही माझ्याच पेनची होती. सहाचं पोट मी थोडं उघडं ठेवते, वर्गात मुलं त्यावरून हसायची. हे पोट तसंच उघडं होतं.

"अक्षर आपलंच ना?" ते म्हणाले. त्यांचा आवाज फारच मऊ होता. तो मला आवडला नाही.

"माझंच."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. कार्डाचा संशय संपला तो मी लेनवाटपाच्या यादीवर घेतला. उपांत्य फेरीत आमची मुलगी कुठल्या लेनमध्ये होती? यादीत सात होतं. बेटावरची मुलगी सहामध्ये. ही यादी नंतर बदलली असेल का? त्यांनी टीव्हीवर दाखवलेल्या शर्यतीचा फोटो काढून दिला. मांडीजवळ चिकटवलेल्या आकड्यात सात स्वच्छ दिसत होतं.

"वळणावरचा कॅमेरा काय म्हणतो?" मी विचारलं.

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर फ्लेक्स आला, बाई. काल सकाळी कुणीतरी बांधला. शर्यतभर फेटाच दिसतोय." त्यांनी मान खाली घातली. "काढायला सांगितलाय."

म्हणजे त्या जागी काय घडलं याचा जगात एकच साक्षीदार होता, आणि तो मी. मी रिकाम्या ट्रॅकवर गेले. दुपारचे बारा वाजले होते, पाणी मारणारी माणसं सोडली तर कुणी नव्हतं. मी माझ्या खुर्चीच्या जागी उभी राहिले आणि बाहेरून आत मोजलं. निळी जर्सी बाहेरून तिसरी होती, ते मला पक्कं आठवत होतं. आठ, सात, सहा. बरोबर, सहा. मग मी कधी नव्हे ते मोजणं पुढे चालू ठेवलं. पाच, चार, तीन, दोन, एक. आणि तिच्या आत आणखी एक लेन उरली.

ट्रॅकला नऊ लेन होत्या. आमच्या जुन्या मैदानाला आठ. नऊ लेनच्या ट्रॅकवर आठ जणींची शर्यत असली की वळणाची सगळ्यात अवघड, सगळ्यात आखूड पहिली लेन रिकामी ठेवतात आणि दोनपासून नऊपर्यंत पळवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. पण आठ मुली दिसल्या आणि बावीस वर्षांच्या सवयीने मी सगळ्यात बाहेरचीला आठ म्हटलं. ती नऊ होती. आमची मुलगी सातमध्ये होती, मी सहा लिहिलं. जर्सीचा रंग लिहिला असता तर चूक त्याच क्षणी सापडली असती. तो न लिहिण्याची शिकवण माझीच.

तरीही मन सहज मानेना. बैठकीत हे सांगायला हवं होतं, सांगितलंच नसणार, असं मला वाटलं. मी वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर सूचना एकही नव्हती. पाच-पाचचे तीन गठ्ठे आणि वर दोन रेघा होत्या, आणि खाली नीट अधोरेखित केलेलं उत्तर: सतरा.

माझ्या त्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पहिल्या क्रमांकाचीच सूचना होती ती. 'दोनशेला पहिली लेन रिकामी.' दोनदा वाचली त्यांनी."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बेरीज करत होतात. गणिताच्या बाईंना मध्येच कोण टोकणार?"

मुख्य पंचांकडे परत जायला मला अर्धा तास लागला. खोली शंभर पावलांवर होती. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, कुणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"त्या मुलीने काही म्हटलंय?"

"तिच्याकडे म्हणायला माणूस नाही."

"मग आपण कशाला? आज संध्याकाळी दोघी नीट पळतील. कुणाचा पाय पडणार नाही. विषय संपला." ते पुढे झुकले. "आणि समजा आपण हे उकरलं, तर 'एल' कुणाला लागणार? आपल्याच पोरीला. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, बाई. लोक काय म्हणतील? आपल्याच पंचाने आपल्याच पोरीचा पाय ओढला."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांची भीतीही खरी होती. मला शंका होती ती माझ्याच हेतूची. हे न्यायासाठी चाललंय, की पाय मला बरोबर दिसला होता हे सिद्ध करण्यासाठी? याचं उत्तर मला अजूनही खात्रीने देता येत नाही. पण बेटावरच्या मुलीवर जो शेरा होता तो माझ्या अक्षरात होता, एवढं खात्रीचं होतं.

"रेफरींकडे मला नेता की मी एकटी जाऊ?" मी विचारलं.

ते आले. 

रेफरी परदेशी बाई होत्या, माझ्याच वयाच्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट. ब्लेझर त्यांनी खुर्चीला अडकवला होता. माझं इंग्रजी शाळेतलं, पण मोजणी समजावून सांगायला पुरेसं. मी कागदावर नऊ रेषा काढून दाखवलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. पाय पडताना मी आकडा बघितला होता की जर्सी? जर्सी, मी म्हणाले. आकडा मी नंतर मोजला. खात्री आहे? बघण्याची आहे, मोजण्याची नव्हती. त्यांनी लिहायला घेतलं. तीन वाजता फळ्यावर नवी यादी लागली. 'एल' एका नावावरून दुसऱ्या नावावर गेला. दोन्ही मुलींना समोर बोलावून तसं सांगितलं गेलं. मी तिथे नव्हते, बोलावलंही नव्हतं.

अंतिम फेरी सहा वाजता. स्टँड गच्च. कुंड्या तिथेच, फ्लेक्स मात्र काढलेला. आमची मुलगी पाचमध्ये, बेटावरची आठमध्ये. मी बाहेरून मोजायला सुरुवात केली, नऊपासून, आणि तीन वेळा मोजलं. मला पुन्हा बाहेरच बसवलं होतं. मुख्य पंच दुरून माझ्याकडे बघत होते. मला बदलावं असं त्यांच्या मनात आलं असणार, बदली माणूस मिळाला नसणार.

बंदूक वाजली. वळणाच्या शेवटाला त्या माझ्यासमोर आल्या. आमची मुलगी रेषेपासून हातभर लांब, लेनच्या मधोमध, जपून पळत होती. इतकी वर्षं तिचे पाय बघितले असल्याने सांगते, ही तिची पळण्याची रीत नव्हती. तिला रेषेला चिकटून पळायची सवय. आणि त्याच क्षणी आठमधल्या मुलीचा डावा पाय रेषेवर पडला. अर्धी टाच नाही, पुढचा पंजा पूर्ण. एकदाच. मग ती सरळ रस्त्याला लागली.

मी पिवळा झेंडा वर केला. कार्डावर लिहिलं: लेन आठ, डावा पाय, एक. या वेळी खाली जर्सीचा रंगही लिहिला.

स्टँडमध्ये झेंडा बघितला गेला होता. निकाल यायला दहा मिनिटं लागली. तोवर पडद्यावर क्रम दिसत होता: तिसरी बेटावरची, चौथी आमची, अंतर शंभराव्या हिश्शात. लोकांना काय व्हायला हवं ते ठरलं होतं. कुणीतरी आमच्या मुलीच्या नावाच्या घोषणाही सुरू केल्या. मग पडदा हलला. क्रम तोच राहिला. तिसऱ्या नावापुढे 'एल' आला, एवढंच.

आमच्या मुलीचे प्रशिक्षक धावत माझ्याकडे आले. मोठे, घामेजलेले, गळ्यात शिट्टी.

"मॅडम, तिचा पाय पडला ना?"

"पडला."

"मग? बाद का नाही?"

"पहिलाच आहे."

"सकाळच्या यादीत तिला एक होता! दुपारपर्यंत होता!"

"तो माझा चुकला होता."

 "म्हणजे तुम्ही तो काढला नसता, तर ती आत्ता बाद असती."

"हो."

"आणि आमची पोरगी तिसरी."

"हो."

"झालं समाधान?" ते म्हणाले, आणि उत्तर न ऐकता गेले. 

मुलगी त्यांच्यामागे उभी होती. खांद्यावर टॉवेल, बूट हातात, अनवाणी. ती जवळ आली तेव्हा मी उठून उभी राहिले. उठायची पद्धत नाही, अंपायर खुर्ची सोडत नाही.

"बाई," ती म्हणाली, "काल माझाच पडला होता. मले ठाऊक होतं." घरची बोली तिच्या तोंडात धाप लागली की येते. "मी कोणाले सांगितलं नाही. यादीत नव्हतं तर म्हटलं, राहू दे."

 तिला जपून पळायला लावलं ते मीच, तेवढ्यानेच ती हरली का, हे मला विचारायचं होतं. पण असा प्रश्न अंपायरने विचारायचा नसतो आणि तिलाही त्याचं उत्तर माहीत नसणार.

"आज रेषेपासून फार लांब राहिलीस," मी म्हणाले. "मधोमध पळालीस."

"भीती वाटत होती ना. रेष दिसतच होती सारखी." तिने बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि बूट खांद्यावर टाकले. मग म्हणाली, "हा शेरा पुढच्या स्पर्धेत राहतो का?"

"नाही. इथल्यापुरताच. आज संपला."

"नक्की?"

बावीस वर्षांत माझ्या शब्दावर कुणी 'नक्की?' विचारलेलं मला सहन होत नसे. मी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं. तिने बोट ठेवून सगळी ओळ वाचली, मग खालचीही वाचली, आणि पुस्तक परत दिलं.